अवघड भिंतीवर टीव्ही बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही घेताना पडद्याचा आकार, चित्राचा दर्जा आणि किंमत यांची चौकशी सगळेच करतात. ज्या भिंतीवर तो टांगायचा ती कशाची आहे, याची चौकशी मात्र बहुधा ड्रिल मशीन सुरू झाल्यावरच होते. पुण्यातल्या जुन्या वाड्याची पांढरीची (पांढऱ्या मातीची) भिंत, कोकणातल्या घराची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, नव्या टॉवरमधली सलग काँक्रीटची भिंत आणि फ्लॅटमधल्या दोन खोल्यांमधली सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) भिंत या चारही गिलावा व रंग चढल्यावर सारख्याच दिसतात. भोक पाडताना प्रत्येकीचे वागणे निराळे असते, आणि म्हणून प्रत्येकीसाठी उत्तरही निराळे आहे.

गिलाव्याखाली काय आहे हे ओळखायचे कसे?

प्रथम इमारतीचे वय व बांधणी विचारावी. सोसायटीतल्या जुन्या सभासदाला किंवा घर बांधणाऱ्या गवंड्याला हे बहुतेक वेळा ठाऊक असते. त्यानंतर बोटांच्या पेरांनी भिंत चार-पाच ठिकाणी ठोकून पाहावी. काँक्रीटवर बोट दुखते आणि आवाज जवळजवळ येत नाही, जिप्समच्या पार्टिशनवर ढोलासारखा आवाज येतो, आणि सुटलेल्या गिलाव्यावर ‘बद्द’ असा आवाज येतो, जो त्याच भिंतीवर वीतभर पलीकडे येत नाही.

खात्रीचा पुरावा मात्र भोकातून पडणाऱ्या भुकटीचा असतो. टीव्हीच्या मागे झाकली जाईल अशा जागी ५ किंवा ६ मिलिमीटरच्या बिटने एक चाचणी-भोक पाडावे आणि खाली पांढरा कागद धरावा. सुरुवातीला गिलाव्याची राखाडी भुकटी पडेल. तिचा रंग बदलला की खरी भिंत लागली असे समजावे. विटेची भुकटी लालसर असते. काँक्रीटची राखाडी आणि बारीक असते, शिवाय बिट फार हळू आत जातो. सिपोरेक्सची पांढुरकी व हलकी असते आणि बिट लोण्यात सुरी जावी तसा जातो. जांभ्याची तांबूस-पिवळी व किंचित दमट असते, तर पांढरीच्या भिंतीतून सरळ मातीच पडते. बिट मध्येच एकदम आत गेला, तर तिथे पोकळ ब्लॉक, फट किंवा पार्टिशनमागची रिकामी जागा आहे. रंग कोणत्या खोलीवर बदलला ते बिटवर चिकटपट्टी लावून मोजून ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांत हा आकडा लागतो.

खोक्यात ब्रॅकेटबरोबर गिट्ट्या (भोकात बसून स्क्रू पकडणाऱ्या नळ्या) आणि स्क्रू आलेले असतात. ते पुरेसे नाहीत का?

विटेची किंवा काँक्रीटची चांगली भिंत आणि पातळ गिलावा असेल तर बहुधा पुरतात. अडचण अशी आहे की गिलावा कोणतेही वजन पेलत नाही; तो फक्त भिंतीला चिकटलेला असतो. आतल्या बाजूचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो, पण दगडी किंवा वाकड्यातिकड्या भिंतीवर सपाटी आणण्यासाठी तो ३० ते ४० मिलिमीटरपर्यंतही चढवलेला आढळतो. अशा भिंतीत ५० मिलिमीटर लांबीची गिट्टी ठोकली, तर तिचा जेमतेम शेवटचा भाग खऱ्या भिंतीत पोहोचतो. हाताने ओढून पाहिले तर ती घट्ट वाटते, आणि काही महिन्यांनी गिलाव्याच्या पोपड्यासकट बाहेर येते. म्हणून भोकाची खोली नेहमी गिलावा संपतो तिथून मोजावी.

आजचे टीव्ही हलके असतात. मग एवढी काळजी कशासाठी?

४३ इंची टीव्ही साधारण ७ ते १० किलोचा आणि ५५ इंची साधारण १४ ते १८ किलोचा असतो, हे खरे आहे. परंतु भिंतीवरचा भार नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन भिंतीपासून किती अंतरावर लटकते, यावर ठरतो.

एक साधा हिशेब करून पाहू. १६ किलोचा टीव्ही भिंतीलगतच्या सपाट ब्रॅकेटवर आहे, त्याचा भार भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर आहे. वरच्या बोल्टांना बाहेर खेचणारा जोर १६ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे ४ किलो इतकाच येतो. तोच टीव्ही बाहेर ओढता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर लावला आणि तो हात ४५ सेंटिमीटर बाहेर काढला, तर हाच जोर ३६ किलो होतो. त्यात त्या लोखंडी हाताचे स्वतःचे वजन आणि टीव्ही वळवताना बसणारे हिसके यांची भर पडते. टीव्ही तोच, भिंत तीच, पण बोल्टावरचा ताण नऊपट. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की कमकुवत भिंतीवर हाताचा ब्रॅकेट लावूच नये. सपाट किंवा थोडा खाली झुकणारा ब्रॅकेट घ्यावा आणि बसण्याची जागा त्यानुसार लावावी. घरात लहान मूल असेल, तर त्याने पडद्याला लोंबकळण्याची शक्यताही या हिशेबात धरलीच पाहिजे.

आमच्या फ्लॅटच्या भिंती सिपोरेक्सच्या आहेत. गिट्टी गोल गोल फिरते. काय करावे?

सिपोरेक्स हे खरे तर एका उत्पादनाचे नाव. आता सगळ्याच एएसी (वाफेत पक्क्या केलेल्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकना लोक त्या नावाने ओळखतात. सिमेंट, चुना आणि राख किंवा वाळू यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून वायूचे बुडबुडे तयार केले जातात आणि मग दाबाखालच्या वाफेत ब्लॉक पक्के केले जातात. त्यामुळे ब्लॉकचा बराचसा भाग हवेचा असतो आणि त्याची घनता घनमीटरला ५५० ते ६५० किलोच्या आसपास राहते, म्हणजे विटेच्या निम्म्याहूनही कमी. इमारतीचा भार कमी व्हावा म्हणून हे उत्तम आहे, पण साधी गिट्टी फुगून ज्या कठीण कडांना पकडते, त्या कडा इथे नसतातच.

पहिली चूक भोक पाडतानाच होते. ड्रिलवरची हॅमरची (ठोके देणारी) कळ सुरू ठेवली, तर ८ मिलिमीटरचे भोक १० ते ११ मिलिमीटरचे होते आणि आतल्या कडा चुरा होऊन सुटतात. हॅमर बंद ठेवून फक्त फिरत्या बिटने, मशीन सरळ धरून भोक पाडावे. दुसरी चूक म्हणजे काँक्रीटसाठीचा लोखंडी अँकर फास्टनर वापरणे. तो आवळला की बाजूंना जोराने फाकतो आणि ब्लॉक आतून फुटतो. एएसीसाठी मुद्दाम बनवलेल्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात. त्यांना बाहेरून पंख किंवा पीळ असतो आणि त्या भार लांबीवर पसरवतात. १० मिलिमीटर व्यासाची आणि गिलाव्यापलीकडे निदान ७० ते ८० मिलिमीटर आत जाणारी गिट्टी घ्यावी. मोठ्या टीव्हीसाठी केमिकल अँकर अधिक भरवशाचा असतो. यात भोकामध्ये दोन घटकांचा राळेसारखा पदार्थ पिचकारीने भरून त्यात आट्यांची सळई बसवतात. त्याची पकड भोकाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. ब्रशने घासून आणि पंपाने हवा मारून भुकटी पूर्ण काढली नाही, तर राळ भिंतीला न चिकटता भुकटीलाच चिकटते. वेष्टनावर दिलेला सुकण्याचा वेळ उलटेपर्यंत सळईला हात लावू नये.

भिंत चार इंची असेल आणि पलीकडे आपलीच खोली असेल, तर मला सर्वांत समाधानकारक वाटणारा उपाय म्हणजे आरपार बोल्ट. ८ मिलिमीटरची आट्यांची सळई भिंतीतून आरपार घालून मागच्या बाजूला निदान तीन इंच लांब-रुंद लोखंडी पट्टी व नट लावावा. मग ब्लॉकची पकड हा प्रश्नच उरत नाही, कारण भार मागच्या पट्टीवर येतो. पलीकडच्या खोलीत ती पट्टी कपाटामागे किंवा चित्रामागे झाकता येते.

नव्या टॉवरमधल्या मिव्हानच्या भिंतीत बिट शिरतच नाही. का?

कारण ती वीट-ब्लॉकची भिंतच नाही. मिव्हान पद्धतीत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब सलग ओतलेले असतात, आणि ती भिंत इमारतीचा भार वाहते. तिथे साधे घरगुती ड्रिल चालत नाही. एसडीएस बिटचे (खाचांच्या दांड्याचा बिट बसवून जोराने ठोके देणारे) हॅमर ड्रिल लागते. एकदा भोक पडले की याहून मजबूत भिंत नाही, आणि ८ मिलिमीटरचा अँकर फास्टनर ५० ते ६० मिलिमीटर खोल बसला तर घरगुती टीव्हीसाठी तो पुरेसा होतो.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी. आत सळयांची जाळी असते. बिट अचानक थांबला, आवाज धातूचा आला किंवा चकाकता कण पडला, तर तिथे जोर करू नये. सळई न कापता भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवावे आणि अर्धवट भोक न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने भरावे. दुसरे म्हणजे वायर लपवण्यासाठी या भिंतीत झिरी मारू नये. काही छोटी भोके ही एक गोष्ट, आणि भार वाहणाऱ्या भिंतीचे काँक्रीट फूट-दोन फूट खोदून सळई उघडी पाडणे ही दुसरी. वायर बाहेरून पट्टीतून न्यावी. दिसायला थोडी कमी चांगली दिसेल, पण इमारत सगळ्यांची आहे.

कोकणातल्या घराची भिंत चिऱ्याची आहे. जांभा तर दगड आहे, मग फास्टनर ढिला का पडतो?

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. म्हणून उघड्या बाजूचा चिरा टणक लागला, तरी आत काही इंचांवर तो भुसभुशीत असू शकतो. शिवाय त्यात नैसर्गिक पोकळ्या असतात, काही मातीने भरलेल्या, काही रिकाम्या. माझ्या आजोळच्या घरी चार भोकांपैकी तीन उत्तम पकडली आणि चौथ्यात गिट्टी अक्षरशः आत पडली. त्या दिवसापासून मी चिऱ्यात मोजकी भोके गृहीत धरून काम सुरू करत नाही.

जुन्या घरात चिरे मातीत किंवा चुन्यात रचलेले असतात, म्हणून सांध्यात भोक कधीही पाडू नये. ते चिऱ्याच्या मधोमध यावे. गिलावा असेल तर आधी चाचणी-भोकांनी सांधे शोधून पेन्सिलने भिंतीवर चिऱ्यांची आखणी करावी. ब्रॅकेटची भोके आणि चिऱ्यांची रचना जुळली नाही, तर १८ मिलिमीटर जाडीची मरीन प्लायवूडची फळी आधी भिंतीला सात-आठ ठिकाणी, जिथे चांगला चिरा मिळेल तिथे, पक्की करावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावावा. फळीमुळे भार पसरतो, आणि एखादे भोक फसले तरी बाकीची सांभाळून घेतात. भोक हॅमरशिवाय पाडावे, आणि पोकळ्यांसाठी जाळीची नळी घालून केमिकल अँकर वापरावा. जाळीमुळे राळ पोकळीत वाहून जात नाही.

घाटावरच्या काळ्या दगडाच्या भिंतींनाही सांध्याचा हाच नियम लागू आहे. तिथला दगड स्वतः अतिशय कठीण असतो, पण दोन दर्शनी थरांमध्ये बारीक दगड व माती भरलेली असते. तेव्हा घाई न करता दगडातच भोक पाडावे.

वाड्यातल्या मातीच्या भिंतीवर टीव्ही लावता येईल का?

मातीच्या भागावर नाही. पांढरीची भिंत दाबाखाली शतकभर उभी राहते, पण तिला काहीही ओढून धरता येत नाही. केमिकल अँकरही तिथे निरुपयोगी, कारण राळ घट्ट झाली तरी तिच्याभोवतीची माती सुटतेच. अँकरभोवती सिमेंट भरण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. सिमेंटमुळे मातीतली ओल तिथेच अडकते आणि आजूबाजूची माती आणखी लवकर झडते.

अशा वाड्यांत भार लाकडी सांगाड्यावर असतो. खांब आणि तुळया शोधाव्यात, टोच्याने टोचून लाकूड घट्ट आहे की वाळवीने पोखरले आहे ते पाहावे, आणि दोन खांबांमध्ये जाड लाकडी फळी आडवी बसवून तिच्यावर ब्रॅकेट लावावा. खांबात आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे, नाहीतर जुने सागवान उभे चिरते. कोरीव खांबाला मात्र एकही भोक पाडू नये. तिथे जमिनीवरचा स्टँड किंवा मजबूत टेबल हाच योग्य पर्याय आहे, आणि तो पत्करण्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

जिप्समच्या पार्टिशनवर काय करावे?

बोर्ड सर्वसाधारणपणे १२.५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि मागे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या बहुधा दोन-दोन फुटांवर असतात. लोहचुंबक फिरवला की स्क्रूंची ओळ सापडते व पट्टी कुठे आहे ते कळते. नुसत्या बोर्डावर टीव्ही लावू नये. पार्टिशन अजून बंद झाले नसेल, तर आत १८ मिलिमीटरचे प्लायवूड बसवून घ्यावे. बंद झाले असेल, तर बाहेरून प्लायवूडची फळी निदान दोन पट्ट्यांना स्क्रूने जोडून तिच्यावर सपाट ब्रॅकेट लावावा.

सुताराने टीव्हीसाठी सुंदर पॅनेल केले आहे. त्यावरच स्क्रू मारले तर?

पॅनेल कशाचे आहे आणि ते भिंतीला कसे धरले आहे, हे विचारल्याशिवाय नाही. पुष्कळ पॅनेल बारीक पट्ट्यांच्या चौकटीवर खिळे आणि गोंदाने लावलेली असतात. त्यांचा तक्ता एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेला) असेल, तर स्क्रूची पकड काही दिवसांतच सैल होते. पॅनेल ही सजावट आहे, भिंत नाही. लांब बोल्ट पॅनेलमधून आरपार जाऊन खऱ्या भिंतीत रुतला पाहिजे, आणि पॅनेल व भिंत यांच्यातल्या पोकळीत त्या जागी लाकडाचा ठोकळा असला पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना पॅनेल आत दबते. काम सुरू होण्याआधीच ब्रॅकेटची जागा सुताराला दाखवली, तर हा ठोकळा तो सहज बसवतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते. तरीही टीव्ही लावायचा असेल तर?

शक्यतो दुसरी भिंत निवडावी. मुंबई आणि कोकणात पश्चिम व नैऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतींवर पावसाचा मारा जास्त असतो. शंका असेल, तर फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. लोणा लागलेल्या भिंतीत साधा स्क्रू गंजतो आणि गिट्टीभोवतीचा मसाला भुगा होतो. गळतीचे मूळ दुरुस्त करून, भिंत दिवाळीपर्यंत वाळू देऊन मगच भोक पाडावे, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत आणि टीव्हीमागे हवा खेळती राहील इतके अंतर ठेवावे.

आतल्या वायरींचा धोका कसा टाळावा?

स्विचबोर्डापासून सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर गेलेली असते असे समजून ती पट्टी सोडून द्यावी. एमसीबी बंद करून काम करावे. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तिथे एमसीबी पाडल्यावरही काही वायरींत वीज राहते, म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा आणि टेस्टरने खात्री करावी. न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, हेही विसरू नये.

टीव्ही किती उंचीवर असावा?

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. सोफ्यावर बसल्यावर ती पातळी जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटर असते, भारतीय बैठकीवर ७५ ते ८० सेंटिमीटर. ५५ इंची पडदा जवळजवळ ६८ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे सोफ्यासाठी त्याची खालची कड ७० सेंटिमीटरच्या आसपास येते. बहुतेक घरांत तो याहून बराच वर लावलेला दिसतो आणि घरातली वडीलधारी माणसे मान दुखते म्हणून तक्रार करतात. ब्रॅकेटची भोके टीव्हीच्या बरोबर मध्यावर नसतात, तेव्हा टीव्ही पालथा ठेवून, मागच्या व्हेसा (ब्रॅकेट जोडण्यासाठीच्या) भोकांपासून कडेपर्यंतचे अंतर मोजूनच भिंतीवर खूण करावी. आडवी रेषा पाणसळीने तपासावी, छताच्या कडेवरून नव्हे. जुन्या घरांत छतही सरळ नसते.

टीव्हीच्या मागचे स्क्रू कोणते?

लहान टीव्हींना बहुधा एम ४ (म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाचा), मध्यम आणि मोठ्यांना एम ६ किंवा एम ८. स्क्रू हाताने सहज फिरला पाहिजे. फार लांब स्क्रू जोराने आवळला, तर तो आतल्या भागांना इजा करतो.

बसवायला आलेला माणूस घाईत असतो. त्याला काय सांगावे?

फोनवरच भिंत कशाची आहे आणि गिलावा किती जाड आहे ते सांगावे, म्हणजे तो योग्य बिट आणि अँकर घेऊन येईल. ब्रॅकेट लागल्यावर, टीव्ही टांगण्याआधी, त्याच्यासमोर ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली आणि बाहेर जोराने ओढून पाहावा. किंचितही हलला किंवा भुकटी पडली, तर टीव्ही टांगू देऊ नये. आपल्या या आग्रहाचा कोणाला राग आला तरी चालेल.

भाड्याचे घर सोडताना भोके कशी बुजवावीत?

नायलॉनची गिट्टी स्क्रू अर्धा फिरवून पकडीने बाहेर ओढावी. केमिकल अँकरची सळई ओढायला जाऊ नये, भिंत फुटते. ती गिलाव्याच्या किंचित आतपर्यंत कापावी. भोकातली भुकटी काढून, आत पाणी शिंपडून, पांढऱ्या सिमेंटचा घट्ट मसाला दोन थरांत भरावा, कारण एकाच थरात भरलेला मसाला वाळताना आकसून खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी पुट्टी लावून पॉलिश पेपरने घासावे. मातीच्या भिंतीतले भोक मात्र मातीनेच, भुसा कालवून भरावे.